सव्वीस फुटांचं अंगण

विष्णुदास भावे नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेम्पो लागला होता आणि त्यातून एक घर उतरत होतं. आधी दोन दारं, मग खिडकी, मग जिन्याच्या चार पायऱ्या, मग भिंती. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून ठोकलेलं रंगवलेलं कापड. नाटकवाले त्याला फ्लॅट म्हणतात. दोघं जण एकेक फ्लॅट आडवा धरून, पावलं जुळवत आत नेत होते. दारात वळताना पुढचा नुसतं ‘हं’ म्हणायचा आणि मागचा थांबायचा. वाशीत सकाळचे दहा वाजले होते. प्रयोग दुपारी चारचा.

माझ्या शेजारी भाची टेप घेऊन उभी होती. कापडी टेप, शिंप्याची नव्हे, गवंड्याकडे असते तसली, पंधरा मीटरची. ती एसवायला आहे. जानेवारीत त्यांच्या कॉलेजची एकांकिका स्पर्धेला जाणार आहे आणि या खेपेला नेपथ्य तिच्याकडे आलंय. ‘‘मावशी, सेट लागताना बघायचाय,’’ एवढंच ती फोनवर म्हणाली होती. मी म्हटलं, मग दिवसच काढू. वाशीपासून बेलापूरपर्यंत जिथे जिथे माणसं काही करून दाखवतात, काही मांडून ठेवतात, त्या सगळ्या जागा बघू. डिसेंबरचा दुसरा शनिवार होता, हवा बरी होती, आणि चाळीस वर्षं या शहरात राहून मी हे एकदाही केलं नव्हतं.

सेट लावणाऱ्या काकांना तिनं विचारलं, ‘‘काका, ओपनिंग किती आहे?’’ काका म्हणाले, ‘‘टेप कशाला आणलीस? धर एक टोक.’’ आणि स्वतः दुसरं टोक घेऊन रंगमंच ओलांडून चालत गेले. मग त्यांनी तिला खडूनं जमिनीवर खुणा कशा करायच्या ते दाखवलं. कुठला फ्लॅट कुठे उभा राहणार, त्याला मागून टेकू कुठे द्यायचा, दार उघडलं की नटाच्या खांद्याला किती जागा लागते. ‘‘दार आतल्या बाजूला उघडायचं ठेवलंस, तर बाई पदर सांभाळत मागे सरकते. प्रेक्षकाला पाठ दिसते.’’ भाचीनं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. मी पहिल्या रांगेत बसून बघत होते. रिकाम्या नाट्यगृहात एकच कामाचा दिवा लागलेला असतो तेव्हा खुर्च्या अंधारात जातात आणि रंगमंच मात्र कारखान्यासारखा दिसतो. हातोडी, दोऱ्या, खिळ्यांचा डबा. एकानं नटराजापुढे उदबत्ती लावली आणि तीच उदबत्ती घेऊन रंगमंचाच्या चारही कोपऱ्यांना फिरला.

या वास्तूला ज्यांचं नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा मराठी नाटकासाठी बांधलेली जागाच नव्हती. चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता, वाडा होता, माणसं होती; नाटकघर नव्हतं. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, ते मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे खेळ झाले. म्हणजे नाटक आधी, जागा मागून. आमच्या शहराचं उलट आहे. इथे आधी नकाशा आला. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि कागदावर सेक्टर पडले, त्यात शाळेची जागा, बाजाराची जागा, बागेची जागा. पुढे नाट्यगृहही मिळालं. त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. आई-बाबा खाडीपुलावरून बसनं दादरला नाटक बघायला जायचे आणि परतताना शेवटची बस चुकेल या भीतीनं तिसरा अंक उभ्यानं बघायचे.

पण प्रयोगाच्या आधीचे महिने कुठे काढायचे, त्याची जागा नकाशात नव्हती. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा, रेल्वे वाशीला नुकतीच पोचली होती त्या १९९२-९३ च्या दिवसांत, कॉलेजचा हॉल पाचला बंद व्हायचा. मग तालीम एका मैत्रिणीच्या बिल्डिंगखाली, स्टिल्टमध्ये, दोन स्कूटरच्या मधल्या जागेत. मी नायकाची आई होते. मला रडायचं होतं, आणि मी रडायला लागले की पहिल्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावून घ्यायचं. आठव्या दिवशी सोसायटीची चिठ्ठी आली. मग बाग. बाग आठला बंद. मग स्टेशनाचं ते भलंमोठं आवार, जिथे आवाज इतका घुमायचा की पुढच्याचं वाक्य संपलं कधी ते कळायचं नाही. स्पर्धेत आमचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे गेला नाही, कारण महिनाभर आम्ही कुजबुजतच तालीम केली होती. हे मी भाचीला नेरुळच्या गाडीत सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आम्हाला पण हॉल पाचपर्यंतच असतो.’’

तीस वर्षांत एवढंही बदललेलं नाही, हे ऐकून मला वाईट वाटलं.

नेरुळला उतरून आम्ही डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या बाजूनं गेलो. नवी मुंबईतल्या विद्यापीठाच्या आवारातली सगळ्यांत मोठी प्रयोगाची जागा कोणती, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: हे स्टेडियम. २००८ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला. २०१९ च्या डिसेंबरात यूटू येऊन गेले. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, आणि त्या रात्री आमच्या लोकलमध्ये अंगावर चमकी लावलेली, घसा बसलेली मुलं होती. आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला याच मैदानात भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या गल्लीत बारा वाजून गेल्यावरही लोक खाली होते, एकमेकांना पेढे भरवत. ज्यांना लहानपणी सोसायटीच्या आवारात बॅट घेऊन कुणी उभं करत नसे त्या बायका रडत होत्या. मीही.

बाहेरून बघताना त्या छपराची कमाल वाटते. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये एकही खांब नाही. कुठल्याही खुर्चीवरून सगळं दिसतं. भाचीनं मान मागे टाकून ते पाहिलं आणि टेप पिशवीतच ठेवली. ‘‘इथे नेपथ्य म्हणजे क्रेन,’’ ती म्हणाली. मला त्या भव्यपणाचा राग येत नाही. पन्नास हजार माणसं एकाच वेळी एकच गाणं म्हणतात तेव्हा जे होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही. फक्त, ते गाणं जिथे पहिल्यांदा चुकत-माकत म्हटलं गेलं ती खोली शोधायला आम्ही निघालो होतो.

तशी खोली, किंबहुना तसं अंगण, आम्ही दोघींनी गेल्या वर्षी पाहिलं होतं. पुण्याला, गणेशखिंडीत. बारावीनंतर पुढे काय, या चौकशीसाठी तिला घेऊन मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गेले होते. कळंबोलीहून बस, घाट, पाऊस. विद्यापीठाचा परिसर चारशेहून अधिक एकरांचा आणि झाडी इतकी की केंद्र सापडायला दोनदा विचारावं लागलं. मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नरचा पावसाळी बंगला; याच बंगल्यातल्या समारंभाहून परतताना २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं. आमंत्रणपत्रिकेशिवाय जिथे पाऊल ठेवता येत नसे, त्या आवारात आज कुणाची तरी मुलगी घुंगरांची पिशवी खांद्याला अडकवून सायकलवरून जाते.

ललित कला केंद्र १९८७ सालचं. संगीत, नृत्य, नाटक हे तिन्ही विषय तिथे गुरुकुलाच्या पद्धतीनं शिकवतात आणि विद्यापीठ त्याची पदवी देतं. सतीश आळेकर १९९६ पासून २००९ पर्यंत तिथे प्रमुख होते. हे सगळं मला माहीत होतं. पाहिलं ते वेगळंच. तिथल्या उघड्या रंगमंचाला अंगणमंच म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि चार-पाच मुलं खराटे घेऊन पाणी काढत होती. एक मुलगी दिव्याच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळत होती. आतून कुठून तरी तबल्यावर तोच एक तुकडा पुनःपुन्हा वाजत होता. तिसऱ्या आवर्तनात दर वेळी एकाच ठिकाणी अडखळत होता. पाणी काढून झाल्यावर मुलांनी चपला बाजूला काढल्या आणि तालीम सुरू केली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हाकललं नाही. तासभर एकच प्रवेश. एक मुलगा दारातून येतो आणि बापाला सांगतो की मी नोकरी सोडली. दार नव्हतंच, दोन विटा ठेवल्या होत्या. नवव्या वेळेला तो त्या विटांमधून आला तेव्हा मला दार दिसलं.

भाची परतताना घाटापर्यंत गप्प होती. पुण्याला राहण्याचं घरी जमलं नाही आणि तिनं नवी मुंबईतच प्रवेश घेतला. पण त्या दोन विटा तिनं सोडलेल्या नाहीत. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र आहे.

त्याच आवारात, आयुकाच्या इमारतीत, मी तिला मुद्दाम नेलं होतं. खगोलशास्त्राची संस्था, जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. पण मला दाखवायचं होतं मधलं कुंड: आभाळाखाली उघडा चौक आणि भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. इमारत चार्ल्स कोरिया यांची. आणि कोरिया म्हणजे आमच्या घरचेच. १९६५ साली ‘मार्ग’ मासिकात शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. मी ज्या शहरात वाढले ते शहर आधी त्यांच्या डोक्यात होतं.

तेव्हा आता बेलापूर.

बेलापूरला आधी अर्बन हाटमध्ये डोकावलो. टेकडीच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी, कारागिरांचे गाळे. प्रदर्शन बघायची ही पद्धत मला दालनापेक्षा जास्त आवडते. जहांगीर आर्ट गॅलरीत, १९५२ पासून मुंबईच्या चित्रकारांचं जे तीर्थक्षेत्र आहे तिथे, चित्र भिंतीवर असतं आणि आपण हात मागे बांधून उभे राहतो; तिथे आपलं चित्र लागावं म्हणून आमच्या शहरातले चित्रकार वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात. इथे वस्तू आणि ती करणारा शेजारी शेजारी बसलेले असतात. एक वारली चित्रं करणारा गृहस्थ आमच्यासमोर कागद पुढे ओढून तारपा नाचाचं वेटोळं काढू लागला. मधोमध तारपेवाला, भोवती हातात हात गुंफलेली माणसं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस. भाचीनं विचारलं, ‘‘आधी वर्तुळ आखून घेत नाही?’’ तो म्हणाला, ‘‘नाचताना कोण आखतंय?’’

तिथेच खालच्या अंगाला उघडा मंच आहे. दुपारी तो रिकामा होता. भाचीनं टेप काढली, मोजलं, लिहिलं.

मग रिक्षानं सेक्टर आठ, आर्टिस्ट व्हिलेज. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी कोरियांनी १९८३ ते ८६ या काळात बांधलेली वसाहत. गोव्यात पणजीला त्यांनी मांडवीच्या काठी कला अकादमी बांधली. नाट्यगृह, उघडा रंगमंच, कलादालन, संगीताचे वर्ग, आणि नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक, म्हणजे खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नटाकडे कुणीतरी बघत असतं. भोपाळला भारत भवन, १९८२ सालचं. तळ्याकडे उतरत जाणारे चौक. जयपूरला जवाहर कला केंद्र. देशातली इतकी कलाकेंद्रं ज्यांनी घडवली, त्यांनी बेलापूरला मात्र घरं बांधली. छोटी घरं, ४५ ते ७५ चौरस मीटरच्या जागांवर, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं वाढवता येईल. आणि सात घरांमध्ये एक अंगण, आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन झुबक्यांमध्ये एक मोठं अंगण, बारा मीटरचं. आणि तशा तीन मोठ्या झुबक्यांमध्ये आणखी मोठं, वीस मीटरचं. वसाहतीच्या मधून ओढा जातो; पावसाळ्यात डोंगराचं पाणी त्यातून वाहून जातं.

लोकांनी घरं वाढवली आहेत, भरपूर वाढवली आहेत. कौलारू उतरती छपरं शोधावी लागतात, दोन-तीन मजली बंगले वर गेलेत, काही अंगणांत गाड्या उभ्या आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी इथे येऊन हळहळतात असं ऐकलंय. मला तितकं वाईट वाटलं नाही. घर वाढवता यावं हे तर ठरलेलंच होतं. अंगण राहिलं का, एवढंच मला बघायचं होतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते राहिलंय. तुळस, पाण्याचं पिंप, मुलांची सायकल, कुणीतरी निवडायला घेतलेली मेथी. अंगण काही कोरियांनी शोधून काढलेलं नाही, हे त्यांनाही माहीत असणार. हे शहर ज्यांच्या भातखाचरांवर उभं आहे त्या आगऱ्यांच्या घरी लग्नात अंगणातल्या मांडवाखाली धवलारीण बसते आणि धवला गाऊन लग्न लावते. विधी, गाणं आणि प्रयोग तिन्ही एकाच जागेत. सेक्टर पडले तेव्हा गावठाणांची अंगणं आकसली. इथे, याच एका कोपऱ्यात, नकाशा काढणाऱ्यानं अंगण नकाशातच काढून ठेवलं.

भाचीच्या कॉलेजातल्या एका मुलाचं घर इथे आहे. नायकाचं काम त्याचंच. त्याच्या अंगणात तालमीला साडेचारला सगळे जमले, नऊ जण. दोन स्कूटर बाहेर गेल्या. समोरच्या काकूंनी वाळत घातलेली चादर न सांगता काढून घेतली. भाचीनं टेपचं एक टोक मला धरायला दिलं आणि मागे मागे चालत गेली. एका बाजूला सव्वीस फूट भरले. आठ मीटर म्हणजे सव्वीस फूट आणि वर थोडे इंच. चाळीस वर्षांनी, एवढ्या बांधकामानंतर, ती बाजू शाबूत होती. दुसऱ्या बाजूला एका घराचा जिना पुढे आला होता, तिथे बावीसच.

‘‘बास झालं,’’ ती म्हणाली. ‘‘जिना वापरू. तो सेटच आहे.’’

खडूनं तिनं जमिनीवर खुणा केल्या, सकाळी काकांनी दाखवल्या तशा. दार कुठे, खिडकी कुठे. दाराच्या जागी दोन विटा ठेवल्या. मी काही बोलले नाही.

मुलं पूर्ण आवाजात बोलत होती. सहा वाजता उजेड गेला तेव्हा जिन्यावरच्या घरातल्या आजोबांनी बाहेरचा दिवा लावला आणि खुर्ची आणून गॅलरीत बसले. वरच्या मजल्यावरून दोन लहान मुली कठड्याला लोंबकळत बघत होत्या आणि तिसऱ्या वेळेपासून नायकाच्या आधी वाक्य म्हणत होत्या. एका जागी नायिका रडते. ती रडायला लागली तेव्हा मी सवयीनं खिडक्यांकडे पाहिलं. एक उघडली.

सातला तालीम संपली. भाची खडूच्या खुणा पुसायला पाणी मागायला गेली, तर चादरीवाल्या काकू म्हणाल्या, ‘‘राहू दे गं, उद्या परत काढायच्याच ना? रोज या. फक्त येत्या गुरुवारी नको. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन आहे, बायका येतील हळदीकुंकवाला. तेव्हा हे अंगण मला लागेल.’’

भाचीनं वही उघडली आणि गुरुवारच्या पुढे लिहिलं: काकूंचं.